बिऱ्हाड कुणाच्या नावावर?

आमच्या बोरी बुद्रुकमध्ये एखाद्याचा मुलगा मुंबईला किंवा पुण्याला खोली घेऊन राहतो म्हटलं, की ऐकणारे म्हणतात, "चला, लागला मार्गाला." तेच मुलीबद्दल सांगितलं की आवाज खाली येतो. "एकटीच राहते? सोबत कोण आहे? आणि लग्नाचं काय?" खोली तशीच, भाडं तेवढंच, नोकरी कदाचित मुलापेक्षाही बरी. तरी मुलाचं ते बिऱ्हाड आणि मुलीचं ते 'बाहेर राहणं'! बचत गटाच्या बैठकीत, हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत हे इतक्या वेळा कानावर आलं, की आता यावर लिहायलाच हवं असं वाटलं.

निमित्त झालं माझ्या भाचीचं. ही माझ्या नणंदेची लेक. हॉटेल मॅनेजमेंट शिकली, दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि मग तिला उत्तर गोव्यात मोरजीच्या बाजूला एका हॉटेलात चांगली जागा मिळाली. पहिले काही महिने स्टाफच्या खोलीत काढले. चौघींत एक खोली, एक कपाट, आणि ड्युटीच्या वेळा वेगवेगळ्या असल्यामुळे झोपेचं खोबरं. शेवटी तिनं ठरवलं, पगाराच्या तिसऱ्या हिश्शात बसेल अशी छोटी जागा भाड्यानं घ्यायची. घरात एकच गोंधळ. आई म्हणाली, "हॉस्टेल बघ." आजी म्हणाली, "त्यापेक्षा लग्नच बघा." वडील जरा समजूतदार. ते म्हणाले, "घेऊ दे जागा, पण करार माझ्या नावानं करायचा."

हे शेवटचं वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. त्यात वाईट हेतू अजिबात नव्हता. बापाची काळजीच होती. पण राहणार ती, भाडं भरणार ती आणि कागदावर नाव दुसऱ्याचं, हे आपल्याकडच्या बाईचं जुनंच दुखणं आहे.

आता जरा मागं जाऊन बघू. जुन्नर, आंबेगाव, खेडची माणसं शंभर वर्षांहून जास्त काळ समुद्रकाठच्या एका शहरात भाड्यानं राहत आली आहेत. त्या शहराचं नाव मुंबई! १८९० साली सुरू झालेली डब्यांची ने-आण आपल्याच भागातल्या आणि मावळातल्या माणसांनी उभी केली. गिरण्यांत, गोदीत, बाजारात हमालीला आपलीच माणसं होती. एका खोलीत गावचे पंधरा-वीसजण पाळीपाळीनं झोपत. माळशेज घाटानं एसटीत बसून गेलेल्या त्या पोरांना कुणी विचारलं नाही, की बाबा, सोबत कोण आहे? त्यांच्या भाड्याच्या खोलीवर इकडं विहिरी बांधल्या गेल्या, बहिणींची लग्नं लागली. भाड्याच्या खोलीला आपण कमीपणा मानत असतो, तर निम्मा तालुका उभाच राहिला नसता.

त्या खोल्यांमध्ये बायकाही होत्या. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायका दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत वीस-पंचवीसजणांचा स्वयंपाक करत. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्या खोलीतच त्यांचा धंदा, त्या खोलीतच संसार. भाड्याची पावती मात्र बहुतेक घरांत पुरुषाच्या नावावर. तो नसला, व्यसनी निघाला किंवा गावी निघून गेला, की चूल कुठं मांडायची हा प्रश्न तिचा.

म्हणून मी भाचीबरोबर जागा बघायला गेले. एप्रिल महिना होता. तिच्या आईच्या शेतात कांदाकाढणी चालू, तिला हलता येईना. पुण्याहून रात्रभराचा बसचा प्रवास करून म्हापशाला उतरलो आणि तिथून पुढं पेडणे तालुक्यात.

मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल ही एकापाठोपाठ एक किनाऱ्यावरची गावं. नकाशात गावं, पण रस्त्यावर उभं राहिलं की शहरात आल्यासारखं वाटतं. देशोदेशीचे लोक, हॉटेलं, योगाचे वर्ग, काळ्या पाटीवर पिवळे आकडे लिहिलेल्या भाड्याच्या दुचाक्या, आणि वाळूवर ओळीनं उभ्या केलेल्या सर्फिंगच्या फळ्या. मोपाचा विमानतळ याच तालुक्यात, जानेवारी २०२३ पासून तिथून विमानं सुटू लागली आणि वर्दळीत आणखी भर पडली.

सर्फिंग म्हणजे येणाऱ्या लाटेवर फळी टाकून तिच्यावर उभं राहायचं आणि लाट नेईल तसं किनाऱ्याकडं यायचं. टोकियोच्या ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २०२१ मध्ये, हा खेळ पहिल्यांदा घेतला गेला. नवशिक्यांना शिकायला या किनाऱ्यावरच्या हिवाळ्या-उन्हाळ्यातल्या लहान लाटा सोयीच्या. पावसाळ्यात मात्र समुद्राच्या वाटेला जायचं नाही. माझी भाची पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकलेली. सुट्टीच्या दिवशी तीही फळी घेऊन उतरते. नणंदेला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, नोकरीला पाठवलीय का खेळायला?" मी म्हटलं, "ताई, मुलगा क्रिकेट खेळतो तेव्हा तुम्ही विचारता का हे?"

मुंबईत वाढलेली इशिता मालवीय शिकायला मणिपालला गेली, तिथं सर्फिंग शिकली आणि २००७ मध्ये तिनं साथीदाराबरोबर कर्नाटकच्या किनाऱ्यावर सर्फ क्लब सुरू केला. भारतातली पहिली व्यावसायिक महिला सर्फर म्हणून आज तिचं नाव घेतात. असं काही घडायला हिंमत लागते हे खरं, पण त्याआधी त्या गावात राहायला जागा लागते. मुलीला घर मिळालं नाही, की तिची नोकरी, तिचा खेळ, तिचं शिक्षण सगळं संध्याकाळच्या परतीच्या गाडीला बांधलं जातं.

असो. जागा बघायची गोष्ट सांगते.

पहिली जागा एका सोसायटीतला फ्लॅट. एजंटानं कुलूप उघडायच्या आधीच विचारलं, "फॅमिली आहे ना?" एकटी मुलगी राहणार म्हटल्यावर त्यानं चावी परत खिशात टाकली. "ओनर देत नाहीत हो एकट्या मुलीला. भाऊ वगैरे असेल तर बघू." पगाराची स्लिप, हॉटेलचं पत्र, काही बघितलं नाही. तिचा भाऊ अकरावीत आहे, अजून आईकडून रिक्षाचे पैसे मागून घेतो. पण तो असता तर चालला असता!

दुसरी जागा समुद्रापासून दहा मिनिटांवर. घर छान, भाडंही परवडणारं. शेवटी कळलं, सप्टेंबरअखेर सामान उचलायचं. ऑक्टोबर ते मे हा तिकडचा 'सीझन'. त्या दिवसांत तीच खोली पर्यटकाला रोजाच्या दरानं दिली, की महिन्याचं भाडं आठवड्यात सुटतं. म्हणजे पावसाळ्यात गळकं छप्पर आणि बुरशी सांभाळायला भाडेकरू हवा, आणि ऊन पडलं की तो नको.

तिसरी जागा आतल्या वाड्यावर. चिऱ्याचं कौलारू घर, पुढं तुळस, शेजारी विहीर. मालकीणबाई साठीच्या, एकट्या. घराच्या मागच्या दोन खोल्यांचं भाडं हाच त्यांच्या म्हातारपणाचा आधार. त्यांनी प्रश्न पुष्कळ विचारले, पण सगळे कामाचे. नोकरी कुठं, पगार कितव्या तारखेला, रात्री यायला किती वाजतात, गाडी कुणाची, आधारची प्रत आणली का. गोव्यात भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं घरमालकावर बंधनकारक आहे, तो फॉर्म त्यांनी कपाटातून काढून ठेवलेलाच होता. लग्न झालंय की नाही हा प्रश्न मात्र आला नाही. करार वडिलांच्या नावानं करू का, असं भाचीनं भीतभीत विचारलं, तर बाई म्हणाल्या, "हांगा राहणार चेडू ना? मग सही तिचीच."

वडिलांना फोन लावला. ते पाच मिनिटं गप्प आणि मग म्हणाले, "बरं." त्यांनी त्याच रात्री कराराचा फोटो मागवला आणि शब्दन्‌शब्द वाचून दोन शंका काढल्या. बापाची काळजी अशी वापरली तर ती मुलीच्या उपयोगाची. शंका तुमच्या, सही तिची!

तुम्ही म्हणाल, एका सहीचं एवढं काय? तर बघा. करार जिच्या नावावर, डिपॉझिट तिलाच परत मिळणार. गॅसचं कनेक्शन, बँकेतला पत्ता, सगळं त्याच कागदावर. उद्या मालकानं 'आजच्या आज निघ' म्हटलं, तर ज्याचं नाव करारावर तोच भांडू शकतो. नाव वडिलांचं असेल तर पाचशे किलोमीटरवरून वडिलांना यावं लागेल, आणि ती त्या घरात केवळ पाहुणी ठरेल. माहेरी पाहुणी, सासरी परकी, आणि स्वतःच्या पगाराच्या घरातही पाहुणीच?

मी गटातल्या बायकांना एकदा विचारलं होतं, "घराच्या कुठल्या कागदावर तुमचं नाव आहे?" एकजण ताडकन म्हणाली, "रेशनकार्डावर!" खरंच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं रेशनकार्डावर घरातली वडीलधारी बाई कुटुंबप्रमुख झाली. धान्य आणायचं तर प्रमुख ती, आणि घर? महाराष्ट्र शासनानं २००३ मध्ये ग्रामपंचायतीच्या दप्तरी घर पती-पत्नी दोघांच्या नावानं लावायचा निर्णय काढला. निर्णयाला वीस वर्षं उलटून गेली. तुमच्या घराचा नमुना आठचा उतारा काढून एकदा बघाच, त्यावर तुमचं नाव आहे का. नसेल तर ग्रामपंचायतीकडं अर्ज द्यायला काय हरकत आहे?

म्हणजे पन्नाशीला आलेल्या आईच्या नावावर घराचा एक कागद नाही आणि पंचवीस वर्षांच्या लेकीनं तो स्वतःच्या कमाईवर मिळवला. भाड्याचा का असेना, अकरा महिन्यांचा का असेना. याचं आपल्याला कौतुक वाटायला हवं की लाज?

अकरा महिनेच का, हेही मुलींना सांगून ठेवा. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो. ते टाळण्यासाठी अकरा महिन्यांची पद्धत पडली. आपल्या महाराष्ट्रात मात्र ही पळवाट नाही. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा, मुदत कितीही असो. नोंदवायची जबाबदारी घरमालकाची. त्यानं नोंदवला नाही, तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि वाद झालाच तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. आता ही नोंदणी घरबसल्या ऑनलाइन होते. ग्रामीण भागात नोंदणी फी पाचशे रुपये, शहरात हजार. डिपॉझिटचंही तसंच. केंद्रानं जून २०२१ मध्ये जो आदर्श भाडेकरू कायदा मंजूर केला, त्यात राहत्या घराला दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त अनामत घेऊ नये असं म्हटलंय. तो प्रत्येक राज्यानं आपापल्या कायद्यात उतरवायचा आहे, पण बोलणी करताना हा आकडा मुलीला माहीत असला तर तिचा आवाज चढतो.

आई-वडिलांची भीती खोटी नाही, हे मी मान्यच करते. पर्यटकांचा भाग, रात्री उशिरापर्यंत जाग, दारूची दुकानं. पण भीतीवर इलाज नीट चौकशीचा. रस्त्यावर दिवे आहेत का? दाराला आतून कडी कशी आहे, दुसरी चावी कुणाकडं आहे? शेजारी कोण राहतं आणि त्यांना मुलीचं नाव माहीत आहे का? ड्युटीवरून येताना हॉटेलची गाडी सोडते का? ११२ नंबर फोनमध्ये आहे का? हे प्रश्न विचारून आईनं एकदा तिथं चार दिवस राहून यावं. आपण म्हणतो 'चार लोक काय म्हणतील', तर ते चार लोक तिच्या शेजारचे असावेत, आपल्या गावातले नव्हेत.

मुलींनाही एक सांगणं आहे. भाडं भरलं म्हणजे गाव विकत घेतलं असं होत नाही. त्या मालकीणबाई बोलता बोलता म्हणाल्या, त्यांच्या भाच्याला लग्नानंतर वर्षभराची खोली स्वतःच्या गावात मिळेना, कारण ज्याला त्याला सीझनचं भाडं हवंय. घराच्या हक्काची किंमत त्या भूमीला ठाऊक आहे. भाटकाराच्या जमिनीवर घर असलेल्या मुंडकाराला कुणी उठवून लावू नये म्हणून गोव्यानं १९७५ मध्ये कायदा केला. अशा ठिकाणी राहायला जायचं तर विहिरीचं पाणी जपून वापरायचं, कचरा वेगळा करायचा, वाड्यावरच्या जत्रेला जायचं. मोरजी-मांद्र्याच्या वाळूत समुद्री कासवं अंडी घालायला येतात, तिथं रात्री झगमगाट नि गोंगाट करायचा नाही. पर्यटक चार दिवसांचा असतो. बिऱ्हाडकरूला शेजारधर्म असतो.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. त्या एजंटाच्या 'फॅमिली आहे ना'चा राग येणं सोपं आहे. पण आपल्या दारात काय चाललंय? नारायणगाव, आळेफाटा, जुन्नर, इथं आता गल्लोगल्ली भाड्याच्या खोल्या झाल्या. शिक्षिका येतात, बँकेत बदलून आलेल्या मुली येतात, कॉलेजच्या पोरी येतात. द्राक्षाच्या, टोमॅटोच्या हंगामात परराज्यातल्या मजूरबाया येतात. गेल्या वर्षी एक नर्सबाई खोली शोधत होत्या. नवऱ्यापासून वेगळ्या झालेल्या, सोबत लहान मुलगी. मी त्यांच्याबरोबर चार घरं फिरले. चारही घरांत बोलणाऱ्या बायकाच होत्या. चौघींनीही पहिला प्रश्न एकच विचारला, "मिस्टर काय करतात?" एकीनं तर चहा दिला, लेकराच्या हातात बिस्कीट दिलं आणि मग म्हणाली, "तुमचं खरंय हो ताई, पण आमच्या ह्यांना चालायचं नाही." रात्री-अपरात्री आपल्या पोराला ताप आला की इंजेक्शन द्यायला तीच बाई हवी. तिला झोपायला खोली मात्र आपल्या वाड्यात नको!

आपल्यातल्या कितीतरी जणींनी शेतातल्या उत्पन्नातून, गटाच्या कर्जातून दोन खोल्या वाढवून भाड्यानं दिल्या आहेत. आपण घरमालकीण झालो, ही केवढी मोठी गोष्ट आहे. मग मालकीण म्हणून आपले प्रश्नही मालकिणीसारखे हवेत. नोकरी कुठं, भाडं कितव्या तारखेला, ओळखपत्र, आणि करार नोंदवू या का. नवऱ्याची चौकशी करून भाडं वेळेवर येत नसतं, आणि मंगळसूत्र बघून वीजबिल भरलं जात नाही.

गोव्यातल्या त्या मालकीणबाईंनी ना महिला हक्कांवर भाषण दिलं, ना भाचीवर उपकार केल्यासारखं दाखवलं. राहणारी जी, तिची सही, एवढा साधा व्यवहार त्यांनी पाळला. एवढं आपल्याला जमायला काय हरकत आहे? आपल्या लेकीला परगावी खोली मिळावी असं वाटत असेल, तर आपल्या गावात खोली मागायला आलेल्या दुसरीच्या लेकीला आधी दार उघडू या. आणि करारावर नाव घालताना विचारू या, "बाई, तुझं पूर्ण नाव सांग."